लांडगा आणि दगडू

क्रोएशियातल्या रियेका बंदरात आमचं जहाज लागलं होतं. तिथल्या क्रेनवाल्याचं नाव व्हूक.

"व्हूक म्हणजे लांडगा," तो म्हणाला. "माझ्याआधीची मुलं जगली नाहीत. लांडग्याच्या वाटेला मरण जात नाही, अशी आमच्याकडची जुनी समजूत."

माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली. माझ्याही आधीची भावंडं गेली, म्हणून आईनं मला दगडू म्हटलं. दगड कोण कशाला उचलून नेईल? जहाजावरची आपलीच माणसं या नावाला हसतात. "बदलून टाक की," म्हणतात. का म्हणून बदलू? गोड नावं लाडानं ठेवतात. आमची नावं आयांनी मरणाशी भांडून ठेवलीत.

"तुझं नाव काय?" व्हूकनं विचारलं.

शेजारच्या क्रेनच्या आवाजावर आवाज चढवून मी सांगितलं, "दगडू! आणि बघ, अजून इथंच आहे."