दहावा संदर्भ

आमच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा काही भरली गेली नाही. मी एम.एड.ला संशोधन शिकवते, म्हणून ग्रंथालयाचा चार्ज माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून दर वर्षी तोच खेळ. विद्यार्थी येतात, काळ्या रेक्झिनच्या बांधणीतले जुने लघुप्रबंध काढतात, दुसरं प्रकरण उघडतात, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, आणि मोबाइलने फोटो काढून चालू पडतात. आधी मी ओरडायचे. आता नोकरीची दोन वर्षं राहिलीत, गुडघे बोलतात, सकाळपासून तेच ते सांगून घसा बसतो. मी फक्त म्हणते, जाताना पंखा बंद करा.

ती मात्र फोटो काढून गेली नाही. दिंडोरीकडच्या जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, बिनपगारी रजा टाकून एम.एड. करणारी. द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याहून मजूर येतात, त्यांच्याबरोबर मुलं येतात, आणि ती कुठल्याच शाळेच्या पटावर नसल्यासारखी मळ्यात दिवस काढतात. हा तिचा विषय. एका लघुप्रबंधात तिला हवा तसा संदर्भ सापडला होता. हंगामापुरती मळ्याजवळच्या शाळेत बसवलेली मुलं गावी परतल्यावर मागे पडत नाहीत, असा कुणा संशोधकाचा निष्कर्ष. तिचा सगळा आराखडा त्यावर उभा होता.

"मॅडम, मला मूळ अभ्यास बघायचाय," ती म्हणाली. "त्यांनी मुलांना काय काय विचारलं ते त्यात असंल ना? मी तेच आमच्याकडं विचारते."

खरं सांगते, मला वैताग आला. इतक्या वर्षांत मूळ अभ्यास कुणी मागितला नव्हता. त्या संशोधकाचं नाव मलाही पाठ होतं. दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या यादीत ते असायचं आणि मी त्यापुढे बरोबरची खूण करायचे.

बसलो शोधायला. देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांचं सरकारी भांडार उघडलं. त्यात नाव नाही. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधनाच्या मोठ्या डेटाबेसात 'हंगामी मजूर' आणि 'मुलांची शाळा' हे शब्द इंग्रजीत घातले, तर तिकडच्या स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांच्या मुलांवर ढीगभर लेख आले. ती हसून म्हणाली, "फळ बदललं, बाकी सगळं आपलंच हाय." त्यातले निम्मे लेख कुलूपबंद होते, नुसता सारांश दिसायचा. मराठी शोधनिबंध तर बहुतेक कुठल्या सूचीत चढलेलेच नसतात. छापतात, चार कपाटांत ठेवतात, संपलं. भारतातल्या शिक्षण-संशोधनाची सर्वेक्षणं छापलेले जुने जाडजूड खंड खालच्या कपाटात होते. मी खाली बसून ते चाळले, उठताना तिनं हात दिला. त्यातही नाव नव्हतं.

"राहू दे," मी म्हटलं. "दुसरा संदर्भ घे."

"तसं नाय मॅडम. कुणीतरी हे बघितलं असंल म्हणून तर लिहिलं."

मग तिनंच युक्ती काढली. ज्या लघुप्रबंधात संदर्भ होता, त्यानं तो कुठून घेतला ते बघायचं, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. दोन दिवस ती मांडणीपाशी उभी राहून मागे मागे गेली. प्रत्येकात तेच वाक्य, तोच पृष्ठ क्रमांक. तिसऱ्या दिवशी मी तिच्या आधी आले, शेवटचा खण स्वतः बघितला, आणि ते वाक्य असलेला सगळ्यात जुना लघुप्रबंध हातात आला. तो माझा होता.

मी तिथंच स्टुलावर बसले. तो लिहिला तेव्हा माझ्याकडे नऊ संदर्भ झाले होते आणि मार्गदर्शक सरांना दहा हवे होते. वणीच्या रस्त्यावरच्या एका शाळेत मी गेले होते. तिथल्या मुख्याध्यापकांनी हजेरीपट पुढ्यात ठेवून मला हे सगळं समजावलं होतं. नियमात बसत नसताना ते मजुरांच्या मुलांना वर्गात घ्यायचे. मी ते लिहून नेलं. सर म्हणाले, "गावच्या मास्तरचं बोलणं दुसऱ्या प्रकरणात चालत नाही. याचा कुणाचातरी अभ्यास करून टाक." मी करून टाकला. संशोधकाचं आडनाव कॉलेजसमोरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवरून घेतलं, वर्ष आणि पान अंदाजे. पुढं तेच नाव सगळ्यांच्या याद्यांत इतक्यांदा वाचलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. याची मला भयंकर लाज वाटली.

तिला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. 'मूळ प्रत उपलब्ध नाही' एवढं लिही म्हटलं की आराखडा मंजूर, कुणी विचारणार नव्हतं. पण गेले तीन दिवस ती माझ्यासमोर उन्हातान्हाची येऊन उभी राहत होती. ती आली तेव्हा मी लघुप्रबंध तिच्यापुढं सरकवला आणि सगळं सांगितलं.

तिनं त्या वाक्यावर बोट ठेवलं. "म्हणजे हे खोटं हाय?"

"अभ्यास खोटा आहे. मुख्याध्यापक खरे होते. त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं."

ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं वही उघडली.

"मग त्यांचंच घालू मॅडम. ते नसले तर घरचे असतील, जुने हजेरीपट असतील. मी जाते शाळेत. नाव सांगा त्यांचं."

मला त्यांचा जाड भिंगांचा चष्मा आठवला. बशीतून दिलेला चहा आठवला. मुलांना ते 'पाहुणे' म्हणायचे, तेही आठवलं.

"आठवंल, मी थांबते," ती म्हणाली.

मी माझ्या लघुप्रबंधाचं पहिलं पान उघडलं. ऋणनिर्देशात प्राचार्य होते, सर होते, माझे आईवडील होते. टायपिस्टचंही नाव होतं. मुख्याध्यापकांचं नव्हतं.