चौथ्या रॉडचं वजन

बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन उघडून अंगणात ठेवलंय. पिस्टनचा धक्का क्रँकशाफ्टपर्यंत नेणारे चार कनेक्टिंग रॉड मी सोडवून रॉकेलनं धुतले आणि आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून आणला. तीन रॉड अगदी सख्खे भाऊ. काटा एकाच आकड्यावर थांबला. चौथ्याला मात्र तो पुढंच धावला. निरखून पाहिलं तर त्याच्यावरचा छापही निराळा. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा रॉड कधीकाळी कुणीतरी इथं बसवून दिला होता, आणि त्याच्या जास्तीच्या वजनानं सगळं इंजिन हादरत होतं.

मला हसूच आवरेना. ही गाडी माझ्या लहानपणापासून थरथरायची आणि बाबा म्हणायचे, "तुमची आई बसली की असंच होतं." वजन नीट पडावं म्हणून तिला कायम मागच्या सीटवर, मधोमध बसवायचे. तिथून ती आम्हाला संत्री सोलून द्यायची.

किती घरांत असं होत असेल! थरथर असते खोल कुठंतरी लोखंडात, आणि आपण बोट दाखवतो शेजारी बसलेल्या माणसाकडं. ते माणूसही बिचारं जरा सरकून बसतं.

बाबांनी चष्मा लावून काटा दोनदा पाहिला. मग तो रॉड फडक्यानं पुसत बसले, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि काट्याकडं बघून खळखळून हसली.

"या तिघांच्या जोडीचा मिळेल तेव्हा मिळेल," ती बाबांना म्हणाली, "पुढची सीट मात्र आजच झटकून ठेवा."