सांडव्यातली पोती

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दुकानदार साखर तोलायला लागला की मी काट्याकडं बघते, त्याच्या गोड तोंडाकडं नाही. आमचे हे म्हणतात, "तुला देवाचाबी भरवसा न्हाय." नसू दे! त्या सप्टेंबरात भरवसा ठेवून बसले असते तर काय झालं असतं, ते मला विचारा.

आमचं घर भूमच्या बाजूला, शेतातच, ओढ्याच्या काठावर. वरच्या अंगाला माझ्या चुलत दिरानं स्वतःच्या रानात ओढा अडवून मातीचा बांध घातलाय. स्वतःचा बांध, त्यामुळं विचारणारं कुणी नाही. एका टोकाला सांडवा आहे, तळं भरल्यावर जादा पाणी निघून जावं म्हणून ठेवलेली वाट. दरसाल सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की आम्ही जावा-जावा तिथं जाऊन पाण्याची ओटी भरतो. खण, नारळ, मूठभर गहू.

त्या साली पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सोयाबीन शेंगांतच कुजलं. घरात लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, ओली बाळंतीण, लेकराचं अजून बारसं व्हायचं होतं. अशात दीर निरोप घेऊन आले.

"वहिनी, तळं भरलं. ओटीला या. पर यंदा बांधाच्या मधीच भरू. सांडव्याकडं लई चिखल हाय, घसरताल."

माझ्या मनात पाल चुकचुकली. जन्म चिखलात काढलेल्या बाईला हा माणूस चिखलाचं भ्या घालतो! आणि तळं भरलंय, तर आमच्या ओढ्याला घोट्याएवढंच पाणी कसं?

मी गेले, पण बांधाच्या खालच्या अंगानं. पायथ्याला एका जागी पाझर फुटला होता. मातीचा बांध थोडा पाझरतोच, आमच्या विहिरी त्याच्यावरच जगतात, म्हणून पाझराला कुणी नावं ठेवत नाही. पण हे पाणी मला गढूळ वाटलं. पूजेच्या तांब्यात धरलं आणि थोडा वेळ ठेवलं, तर बुडाला गाळ बसला. नितळ पाझर चालतो. गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या पोटातली माती निघून चालली. माझ्या माहेरचा बांध असाच गेला होता, खालच्या चार घरांसकट.

वर चढले ती तडक सांडव्याकडं. चिखल कसला नि काय! सांडव्यात जाळी ठोकलेली आणि तिच्यामागं मातीची पोती छातीएवढी रचलेली. पाणी बांधाच्या माथ्याला टेकायला आलं होतं. दिरांनी तळ्यात माशांचं बीज सोडलं होतं, ते वाहून जाऊ नये म्हणून हा उद्योग.

माझं डोकं सणकलं. "भाऊजी, ही पोती आत्ताच्या आत्ता काढा. खाली माझी बाळंतीण हाय."

"मासे जातेल की समदे. अवो, बांध पक्का हाय वहिनी, उगं घाबरू नका."

"पक्का हाय ना? मग आज आपली वाकळ घेऊन या आन् आमच्या ओसरीवर झोपा."

"येतो की," म्हणत ते हसले. हळदीकुंकवाचं ताट घेतलेली त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, ताटावर पदर धरून पोत्यांकडं बघत होती. मला तिचाही राग आला. मी ओटी न भरताच परत फिरले.

घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणे भावकीत वाकडं नको. भूमच्या रस्त्यावर पुलावरून पाणी, फोनला रेंज नाही. तान्ह्या लेकराला घेऊन धो धो पावसात जायचं कुठं? मी नुसती धुमसत होते.

दिवस मावळायच्या आधी दारात जाऊ उभी. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, काखेत वाकळ.

"अक्का, झोपायला आले. ते म्हणले बांध पक्का हाय. म्हणलं, मग मी जाते."

मला वाटलं, आमचं तोंड बंद करायला नवऱ्यानंच धाडली असणार. मी चहासुद्धा विचारला नाही. ती सरळ आत गेली, बाळंतिणीच्या खाटेजवळ वाकळ अंथरली आणि लेकराला मांडीवर घेऊन बसली.

थोड्या वेळानं ओढा वाजायला लागला. हे धावत जाऊन बघून आले. दीर आणि त्यांचे दोन गडी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पोती ओढत होते. माझ्या नातवासाठी जी पोती जागची हलली नाहीत, ती बायकोसाठी हलली! सुटल्यासारखंही वाटलं आणि अंगाचा तिळपापडही झाला.

चुलीवर चहा ठेवला. कप तिच्या हातात देत मी म्हणाले, "झालं बाई तुझं काम. जा आता घरी, उजेड हाय तवर."

तिनं लेकराच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

"न्हाय अक्का. निम्मीच काढली असतेल. मी त्यांच्यासंगं संसार केलाय. म्या घरी गेले की बाकीची तिथंच ऱ्हातेल."