बेचाळिसावं मिनिट

काकांच्या हातात कुणी तपासायचा पीस द्यायला गेलं की ते हात मागे घेत. "टेबलावर ठेवा. मी उचलतो." मिरची हातावर देऊ नये, भांडण होतं, असं आपल्याकडे बायका म्हणतात, काकांनी तो नियम लोखंडालाही लावला होता. नव्याने आलेल्यांना वाटायचं, माणूस गर्विष्ठ आहे. मलाही वाटलं होतं.

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही दोघं शेजारच्या टेबलांवर तपासणीला होतो. गाड्यांचे लहान सुटे भाग ट्यूबलाइटखाली धरायचे आणि कड सरळ आहे का, ओरखडा आहे का, ते बघायचं. काकांचे केस या कामात पांढरे झाले होते. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला "ताई" म्हणत आणि अहो-जाहो करत.

या माणसाला जपानी कार्टूनचं वेड होतं असं सांगितलं तर तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो. मात्र कार्टून म्हटलेलं त्यांना चालत नसे. "ॲनिमे म्हना," ते शांतपणे सांगत.

कधीकाळी कारखान्यात एक जपानी इंजिनिअर आला होता. काकांनी त्याला अजिंठा दाखवला, फर्दापूरला बसवून पिठलं-भाकरी खाऊ घातली. जाताना त्याने एक ब्लू-रे डिस्क दिली. अवकाशात हरवलेल्या एका जहाजाची गोष्ट होती. काकांनी डिस्कसाठी प्लेअर घेतला आणि प्लेअरसाठी मोठा टीव्ही. काकू म्हणायच्या, "एका बटनापायी सदरा शिवला ह्यांनी."

मोबाईलवर बघणाऱ्यांची त्यांना कीव येई. "काळा रंग काळाच पायजे, ताई. राखाडी झाला की कसलं अवकाश? धुराडं ते."

बऱ्याच वर्षांनी त्या गोष्टीचा दुसरा भाग निघाला. त्या जहाजाच्या कॅप्टनची मुलगी मोठी होऊन बापाला शोधायला निघते. काकांनी डिस्क थेट जपानहून मागवली आणि रविवारी मला हडकोतल्या घरी बोलावलं. काकूंनी खिडकीला चादर लावून अंधार केला. बेचाळिसाव्या मिनिटाला मुलीला दूरवर ते जुनं जहाज दिसतं. काकांनी तिथेच चित्र थांबवलं.

"जहाजाची कड बगा. वाकलीय. मधी काळपट डाग बी हाय."

मी बघितलं. कड दोरी ताणल्यासारखी सरळ होती आणि डाग कुठेच नव्हता.

"हो काका," मी म्हणाले. "थोडी वाटते खरी."

का म्हणाले? त्यांच्या नजरेपुढे माझी नजर काय, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर भूक लागली होती, वाद नको होता.

काकांनी कारखान्यातल्या पद्धतीने दोषाचा अहवाल लिहिला: कोणता पीस, काय दोष, कितव्या मिनिटाला. आमच्याकडे अहवालावर दोन सह्या लागतात. दुसरी मी केली. तो जपानला, डिस्क काढणाऱ्या कंपनीकडे गेला. उत्तर येईपर्यंत काकांनी पुढचं काही बघितलं नाही. "रिजेक्ट पीस पुढं चालवत नसत्यात," म्हणाले.

त्याच दिवसांत ते कारखान्यातही चांगले पीस बाजूला काढू लागले. मी ते गुपचूप पुन्हा तपासून पास करायचे. मला वाटे, मी त्यांना सांभाळून घेतेय.

काकू एकदा म्हणाल्या, "साखर लई वाढलीय ह्यांची. डोळे दाखवू म्हटलं तर ऐकत नाय. म्हनत्यात, पयला भाग नीट दिसतोय की." पहिला भाग त्यांना पाठ होता. पाठ झालेली गोष्ट डोळ्यांनी बघावी लागत नाही, हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

तीनेक महिन्यांनी दुसरी डिस्क आली. सोबत कंपनीचं नम्र पत्र होतं: आमच्याकडच्या प्रतींत असा दोष आढळला नाही, तरीही दुसरी प्रत पाठवत आहोत. पुन्हा रविवार, पुन्हा खिडकीला चादर. बेचाळिसावं मिनिट आलं. काकांनी चित्र थांबवलं आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली.

"दोन येगळे पीस," ते हळूच म्हणाले, "आन दोष एकाच जागी. मंग दोष पीसात नसतो, ताई. मापात असतो."

त्यांनी एक डोळा तळहाताने झाकला, मग दुसरा. मग वळून दाराच्या चौकटीकडे बघितलं. "चौकट बी वाकडीच हाय," म्हणाले. काकूंनी खिडकीवरची चादर ओढून काढली.

डॉक्टर म्हणाले, साखरेने डोळ्यांचे पडदे खराब केलेत. तीन महिने आधी आले असते तर बरंच वाचलं असतं. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. गेलेली नजर काही परत आली नाही, उरलेलीही ओसरत गेली.

कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले.

"तुमाला ती कड वाकडी दिसली व्हती का?"

"नाही."

"मंग सही?"

"तुम्ही म्हणालात म्हणून केली, काका."

त्यांनी मान हलवली. "मी एकला चुकलो असतो तर चाललं असतं. दुसरी सही त्यासाठीच असती."

ते आता देवगाव रंगारीला भावाकडे राहतात. समोरचा माणूस आवाजावरून ओळखतात. जाताना दुसऱ्या भागाच्या दोन्ही डिस्क काकूंनी माझ्याकडे दिल्या. वर्षभर मी त्या कपाटात ठेवल्या. गेल्या महिन्यात हिय्या केला आणि बेचाळिसाव्या मिनिटाच्या पुढे गेले. शेवटपर्यंत बघितलं. मुलगी जहाजात शिरते, तिला बाप सापडतो की नाही ते कळतं. काकांनी इतकी वर्षं वाट बघितली ती एवढ्यासाठीच, आणि ते बघितलं मी. मला रडू आलं.

मी फोन लावला. म्हटलं, "काका, पुढचं बघितलं मी. काय होतं ते सांगू का?"



"सांगाल वो," ते म्हणाले. "पर ते खरं कसं धरू?"

आवाजात राग नव्हता. मग त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली.