रक्तातला कोळीवाडा

माणसाच्या रक्तात एक अख्खा कोळीवाडा नांदतो आणि त्याचं सरपंचपद आपल्याकडे आहे, अशी आमच्या साडूंची ठाम समजूत आहे. माणसांबद्दल त्यांना फारशी माया नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींबद्दल मात्र ते गहिवरून बोलतात. बोईसरच्या एका लॅबमध्ये त्यांनी उभं आयुष्य लोकांचं रक्त काढण्यात आणि ते काचेवर पसरून बघण्यात घालवलं. निवृत्तीच्या सुमारास कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी ऐकलं, की पांढरी पेशी जंतूंना नुसती गिळत नाही. वेळ आली तर ती स्वतः फुटते आणि आपल्याच पोटातल्या डीएनएच्या धाग्यांचं जाळं त्यांच्यावर फेकते. साडू मुरबे गावचे, पिढीजात मासेमारांच्या घरातले. हा शोध आपल्या सख्ख्या चुलत्यानेच लावला असावा अशा थाटात ते त्या दिवशी घरी आले, आणि तेव्हापासून आम्हा नातेवाइकांचं स्वास्थ्य गेलं.

पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं ही शिक्षा असते. शिरगावला एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या मानेवर गळू दिसलं, तर हे त्याच्या आईला म्हणाले, "पू काय म्हनता त्याला? मेलेले वीर हायत ते, जाळ्यासकट!" त्या माउलीने बासुंदीची वाटी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. बोईसरच्या नाक्यावर पंक्चर काढणाऱ्या माणसाला "भैया, तेरे खून में पूरा मछलीमार बैठा है," असं सांगून त्यांनी इतकं घाबरवलं, की तो हातातलं काम टाकून बायकोला फोन लावायला गेला. बरं, आपण कंटाळून "हो, फार शूर असतात हो तुमच्या पेशी," म्हणावं, तर साडू लगेच उलटतात. "जाळं टाकनारा शूर, पन उचलनारा नको? पडून रायलं तर आपल्याच बोटीच्या पंख्यात अडकतं." मग न उचललेल्या जाळ्यांत रक्त कसं गोठतं, फुप्फुसं कशी तुंबतात, कधी कधी शरीर आपल्याच धाग्यांना शत्रू समजून सांध्यांवर कसं धावून जातं, हे सगळं ऐकावं लागतं. सासूबाईंनी गुडघा दुखतो असं सांगणंच सोडून दिलं. न बोलता दुखलेला गुडघा त्यांना परवडतो.

गेल्या वर्षी शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा साडूंच्या डाव्या तर्जनीत घुसला. आता हे बोट काही साधंसुधं नव्हतं. मुरब्यातल्या म्हाताऱ्या अजूनही रक्त द्यायला यांच्यापुढेच हात करायच्या, कारण डोळ्यांना न दिसणारी शीर ते याच बोटाने चाचपून शोधायचे आणि सुई अशी घालायचे की बोलता बोलता काम उरकायचं. त्या बोटाला काटा लागल्यावर कुणीही दवाखाना गाठला असता. आमच्या साडूंनी पू काचेवर घेतला, त्याला रंग दिला आणि लॅबने निकालात काढलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. तीन दिवस!

तिसऱ्या दिवशी मेव्हणीचा फोन आला. "भावोजी, ताप हाय त्यांना, हात सुजलाय, पन कुनाचं ऐकत नाय." मी पालघरहून धावत गेलो, तर स्वारी खुशीत. "या, या! बघा काय जाळी टाकलीत!" मी बघितलं. निळी शाई सांडल्यासारखं काहीतरी दिसलं. मग मी त्यांच्या हाताकडे बघितलं. बोटापासून कोपरापर्यंत लाल रेघ चढली होती आणि माणूस भर दुपारी कुडकुडत होता. माझं डोकंच फिरलं. "अहो, ही उचलायची कुणी? आम्ही? तुमच्या तेराव्याला?" असं ओरडून मी त्यांना रिक्षात कोंबलं.

पालघरच्या दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांनाही पेशींची माहिती द्यायला सुरुवात केली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "काका, आणखी एक दिवस थांबला असता तर हात गेला असता. बोटाचं आत्ताच सांगता येत नाही." व्याख्यान तिथेच थांबलं. आत नेताना साडूंनी माझं मनगट धरलं. "साडू, बोट रायल ना?" आपण त्यांच्यावर ओरडलो याचं मला फार वाईट वाटलं.

बोट राहिलं. टोकाची जाणीव मात्र गेली, असं डॉक्टर मला म्हणाले. हे साडूंनी कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

परवा सासूबाईंची साखर तपासायची होती. साडूंनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, तर्जनी कोपराच्या खळगीत ठेवली आणि डोळे मिटले. बोट बराच वेळ फिरत राहिलं. मग ते पट्टा सोडायला लागले. "आई, उद्या लॅबमधली मुलगी येल. तिचा हात चांगला हाय."

सासूबाईंनी हात मागे घेतला नाही. "तुमीच टोचा," त्या म्हणाल्या.

पहिली सुई चुकली. दुसरीही चुकली. तिसऱ्यांदा रक्त आलं. तेवढ्या वेळात साडू एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्यांच्या बडबडीला आयुष्यभर वैतागलेल्या मला ती शांतता सोसवेना. शेवटी कापूस दाबत त्यांनी हळूच विचारलं, "लागलं काय, आई?"

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

"कवा टोचलं? मला कळलंच नाय."