वाकता न येणाऱ्या माणसाचा तंबू

सुट्टीच्या आदल्या दिवशी गाडी काढायची, कुठल्यातरी पाण्याकाठी जायचं, गाडीशेजारी तंबू लावून झोपायचं आणि सकाळी परतायचं, हा माझा गेल्या काही वर्षांचा नाद. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आई माझ्याकडे हडपसरला राहायला आली, तेव्हा तिला हे भलतंच वाटलं. "घरात पलंग आहे आणि ही जमिनीवर झोपायला पेट्रोल जाळत जाते," असं ती शेजारणींना सांगायची. पण मी परत आले की प्रश्न सुरू व्हायचे. चहा कशावर केलास? आत हवा येते का? पाठ धरत नाही?

एकदा वैतागून म्हटलं, "तूच चल आणि बघ."

"मला वाकता येत नाही," ती म्हणाली. नाही म्हणाली नव्हती.

माझं सगळं सामान वाकणाऱ्या माणसाचं होतं. रांगत शिरायचा तंबू, जमिनीला टेकलेली खुर्ची, पातळ चटई. म्हणून आम्ही दोघी बुधवार पेठेजवळच्या एका दुकानात गेलो. मी एरवी वजन आणि रंग बघून वस्तू घेते. आई प्रत्येक खुर्चीत बसत होती आणि कशाचाही आधार न घेता उठता येतं का ते बघत होती. पहिली खुर्ची झोळीसारखी होती, तिच्यातून तिला मी आणि दुकानदारांनी मिळून ओढून काढलं. अखेर ताठ पाठीची, कडक हातांची एक खुर्ची तिला पटली आणि ती तिथेच निवांत बसून राहिली.

"आजी, बसून बघा म्हणालो होतो, राहायला या म्हणालो नव्हतो," दुकानदार म्हणाले.

"राहायचंच आहे हो. रात्रभर."

ते हसले आणि त्यांनी आतून घडीची खाट आणली. आईने ती उलटी करायला लावली. ती शाळेत शिवण शिकवायची, त्यामुळे तिची नजर आधी शिलाईवर जाते. कापड दांडीवर घासतं तिथे दुहेरी शिवण होती. खाट घेतली. तंबूही उभ्याने आत जाता येईल असा मिळाला. आई त्यात शिरली, चेन लावली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. "आत वेगळाच उजेड आहे गं," ती आतूनच म्हणाली.

पुढच्या शनिवारी आम्ही भाटघरच्या पाण्याकाठी, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात गेलो. संध्याकाळी पाण्यावरून वारा सुटला. तंबू फुगला, एका बाजूला कलला आणि त्याची एक काठी जोडाजवळ कडकन मोडली. मी दोरी धरून उभी होते. इतक्या हौसेने केलेली तयारी अशी कोसळलेली बघून मला रडूच आलं.

"चल, घरी जाऊ," मी म्हटलं.

"का? तंबू मोडलाय. मी नाही."

मग तिनेच सुचवल्याप्रमाणे गाडी वाऱ्याला आडवी लावली, तिच्या आडोशाला खाट टाकली. सोलापुरी चादर कानावरून घेऊन आई झोपली, मी मागच्या सीटवर. पहाटे जाग आली तेव्हा खाट रिकामी होती. मी गाडीतून उतरून बघितलं. आई खुर्चीत पाण्याकडे तोंड करून बसली होती. टिटवी ओरडत होती. मी जवळ गेले तर तिने हातानेच गप्प बस म्हणून खुणावलं.

घरी येऊन तिने मोडलेली काठी जेवणाच्या टेबलावर ठेवली. नेमकी जोडापाशीच का मोडली, हे तिला समजून घ्यायचं होतं. आम्ही ती घेऊन पुन्हा दुकानात गेलो.

"उंच घर आणि बारीक खांब," दुकानदार म्हणाले. "वाऱ्याचा जोर आधी जोडावरच येणार."

जाड काठ्यांचा उंच तंबू त्यांच्याकडे होता, पण तो आम्हा दोघींना उचलेना. आईने थोडा विचार केला आणि विचारलं, "गाडी तर वाऱ्याने हलत नाही ना? मग छप्पर तिलाच बांधलं तर?"

दुकानदारांनी मान हलवली. "बांधा की. मग तंबू कशाला, बोहरी आळीतून ताडपत्री घ्या."

तिथून जाड ताडपत्री आणि दोन लोखंडी नळ्या आणल्या. ताडपत्रीची एक कड गाडीच्या टपावरच्या कॅरियरला बांधायची, दुसरी नळ्यांवर उचलून धरायची. कोपरे आईने स्वतः दुमडून शिवायला घेतले. मशीनच्या सुया मोडल्या, तेव्हा दाभण घेऊन हाताने शिवले. बोटं दुखत होती, पण मला हात लावू देईना.

गेल्या महिन्यात पुन्हा त्याच रानात गेलो. वारा होताच. ताडपत्री फडफडली, पण उसवली नाही. आई तिच्याखाली ताठ उभी होती आणि मान वर करून कुठली दोरी जास्त ताणली जाते ते बघत होती.