युनुसभाईंच्या जाळीचा ब्रश

तीन माणसं रोज संध्याकाळी एकाच टेबलाशी बसली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. काजळी धरावी तसे ते आपोआप धरतात, आणि खरवडायला गेलं की खालून आणखी निघतात. आमचं टेबल यवतला, युनुसभाईंच्या हॉटेलात. बसणारे आम्ही तिघं. मी, सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेला स्टोअर क्लार्क. दुसरे गायकवाड, कारेगावच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं क्वालिटी तपासणीला. तिसरे आप्पा, जमीन भरपूर आणि सोसायटीच्या राजकारणातून स्वतःहून बाहेर पडलेले तालुक्यातले बहुधा एकमेव गृहस्थ.

युनुसभाईंच्या बोर्डावर 'बार्बेक्यू' लिहिलंय. आम्ही जाळीच म्हणतो. खाली कोळसा, वर लोखंडी जाळी, तिच्यावर कोंबडीचे तुकडे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या मुद्दाम थांबतात.

*

सुरुवात आप्पांच्या दातापासून झाली. खाता खाता ते थांबले, तोंडात बोट घातलं आणि केसाएवढी एक तार बाहेर काढली. जाळी घासायच्या ब्रशची. हॉटेल भरलेलं, शेजारच्या टेबलावर लहान मुलं. आप्पांनी तार रुमालात गुंडाळली, कोंबडी बाजूला सारून रस्सा-भाकरी संपवली आणि गिऱ्हाईक पांगल्यावर युनुसभाईंना दाखवली.

"माझ्या दातात आली म्हणून बरं. एखाद्या पोराच्या घशात गेली असती मंग?"

युनुसभाई तडक शेगडीकडे गेले. कोळशावर पाणी ओतलं आणि पाटीवर खडूनं लिहिलं, 'जाळी बंद. डाळ-भात मिळेल.' सख्ख्या भावाच्या लग्नातही ही जाळी बंद नव्हती.

आप्पा दुसऱ्या दिवसापासून येत राहिले, पण फक्त चहावर. जाळी पुन्हा पेटली तर आप्पा तिच्यावरचं खातील का, हे विचारायची युनुसभाईंची हिंमत होईना. योग्य ब्रश निवडायचं काम आमच्या टेबलानं अंगावर घेतलं ते त्यामुळे.

*

गायकवाड कारखान्याच्या पद्धतीनं निघाले. आधी जाळीत किती तारा अडकल्यात ते तपासू म्हणाले आणि घरून तळहाताएवढं लोहचुंबक घेऊन आले. जाळीवरून फिरवायला घेतलं, तर ते जाळीलाच चिकटलं. सोडवायला दोन माणसं लागली.

"जाळी लोखंडाची हाय, हे कळायला सत्तावीस वर्षं नोकरी करावी लागती व्हय?" आप्पांनी विचारलं.

गायकवाड डगमगले नाहीत. म्हणाले, "पितळी तारांचा ब्रश घ्या."

"त्याच्या तारा सुटत न्हाईत?"

"सुटतात. पण मऊ असतात."

"म्हंजी गिळायला सोप्या," आप्पा म्हणाले. पितळ बाद झालं.

*

मग प्रकरण माझ्याकडे आलं. बाजारात मिळणाऱ्या ब्रशांचा मी रीतसर तुलनात्मक तक्ता केला. रकाने सात: मूठ, लांबी, वजन, टिकाऊपणा, पकड, दिसणं, शेरा. नायलॉनचा हिरवा ब्रश निर्विवाद पहिला आला. युनुसभाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. शेगडी पेटवली, जाळी तापवली आणि ब्रश फिरवला.

'गरम जाळीवर चालतो का' हा आठवा रकाना राहून गेला होता. ब्रश वितळून जाळीला असा बसला की जाळी घासायच्या आधी ब्रश घासायची वेळ आली. वासानं समोरचा पंक्चरवाला बघायला आला, कुणाचं टायर जळतंय म्हणून.

"तक्ता मात्र झकास होता, भाऊसाहेब," युनुसभाई म्हणाले. नोकरीभर ऐकलेल्या शेऱ्यांत याहून खरा शेरा मला आठवत नाही.

*

शमीमभाभी, म्हणजे युनुसभाईंच्या मिसेस, चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आम्ही तेव्हा नारळाच्या काथ्याला आग लागते का यावर चर्चा करत होतो.

"माझा तवा करपला तर मी लाकडी उलथन्यानं खरवडते, वर अर्धा कांदा फिरवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिघं मिळून नेमकं काय करताय?"



*

आप्पांनी बांधावरच्या बाभळीचं वाळलेलं लाकूड पाठवलं. पाबळला काम शिकलेल्या एका मिस्त्रीनं त्याची मूठ असलेली फळी करून दिली. पहिल्या दिवशी ती जाळीवर नुसती सरकली. सरळ धार गजांच्या फटींत जाणार कशी? पण युनुसभाई रोज तापलेल्या जाळीवर ती दाबून ओढत राहिले. आठवड्यात प्रत्येक गजानं लाकडात आपापली खाच जाळून घेतली. दात आपोआप तयार झाले, ते याच जाळीचे. तार नाही, त्यामुळे तार सुटणंही नाही. वरून भाभींचा अर्धा कांदा.

गायकवाडांनी चष्मा कपाळावर चढवून खाचा पाहिल्या. "फिटिंग ओके," म्हणाले. कारेगावच्या कारखान्यात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी माणसं ओव्हरटाइम करायची. आम्हा तिघांच्या छात्या त्या दिवशी फुगल्या होत्या, हे कबूल करतो. माझा त्यात वाटा काय, असं कुणी विचारू नये.

*

एकदा पुण्याच्या गाडीतले एक साहेब ती काळी फळी पाहून थांबले. त्यांच्या गच्चीवर मोठं बार्बेक्यू आहे म्हणे. "हे कुठलं प्रॉडक्ट? मला लिंक पाठवता?"

"बांधावर हाय," युनुसभाई म्हणाले. "आप्पांच्या. पर खाचा तुमच्या तुम्हालाच पाडाव्या लागतील."

*

जाळी पेटून महिना झाला तरी आप्पा चहावरच होते. एका रविवारी ते पाच वर्षांच्या नातीला घेऊन आले. तिला बाकावर बसवलं.

"युनुस, जाळीवरची एक प्लेट. हिला."

युनुसभाईंनी प्लेट स्वतः आणली. पोरीसमोर ठेवली आणि पुन्हा आपल्याकडे ओढली. एक तुकडा घेतला, त्याचा धागा न धागा मोकळा केला, बोटांत चोळून पाहिला. मग दुसरा.

"आप्पा, हे मला का देत न्हाईत?" नात म्हणाली.

"देतील. त्यांचं चाललंय."

युनुसभाईंनी तिसरा तुकडा उचलला. तो आप्पांनी त्यांच्या बोटांतून काढून घेतला आणि न बघता अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला. सावकाश चावला. मग एक अख्खा तुकडा नातीच्या हातात दिला.

"मीठ कमी हाय, युनुस."

युनुसभाई मीठ आणायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.